साक्षीला कोण उभं राहणार

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बातमी तुझ्या कानावर आलीच असेल. माझ्या बसची धडक बसून सात वर्षांची एक मुलगी जखमी झाली. उभ्या ट्रकच्या आडून, आईचा हात सोडून ती धावत आली. मी ब्रेकवर उभाच राहिलो, तरी तिचा पाय सापडला. पोर दवाखान्यात आहे आणि माझ्यावर केस झालीय. शिक्षा झाली तर तुरुंग आणि नोकरीवर पाणी. आमच्या कंडक्टरने आणि नाक्यावरच्या चष्मेवाल्याने सगळं पाहिलंय, दोघांनीही साक्षीचा शब्द दिलाय. वकिलाचं भावजी बघतायत. तरी घास उतरत नाही. मी ठीक आहे म्हटलं की तुझी भावजय म्हणते, ते आरशाला सांगा.

तुझा बारक्या

९ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

माणसांच्या भरवशावर राहू नकोस. गणिताच्या पेपरला शेजाऱ्याच्या भरवशावर गेलास आणि दोघे जोडीने नापास झालात, विसरलास? तुझी चूक नाही हे देव जाणतो. त्याच्यावर हवाला ठेव आणि दोन घास पोटात ढकल.

तुझी ताई

२० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कंडक्टरची बढती तोंडावर आलीय, आता त्याला नीट आठवत नाही. चष्मेवाला म्हणतो, दुकान त्या दिवशी बंदच होतं. भावजींचे वकील फोन उचलत नाहीत. मुलीची आई तर सरकारी साक्षीदार. देव जाणतो म्हणतेस, पण त्याला कोर्टाचं समन्स जात नाही गं. रागावू नकोस, मी फार घाबरलोय.

बारक्या

२५ मार्च

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

कसं लिहू? वकिलांना यांनीच नको म्हणून सांगितलं. नसती भानगड गळ्यात कशाला, म्हणाले. घरात कडाक्याचं भांडण झालं. तुला मी देवाचं नाव सांगत होते आणि स्वतः मात्र यांच्या शब्दावर निर्धास्त होते. आता कुणीच उरलं नाही, तेव्हा कुठे मनापासून हात जोडले. तारखेला जा आणि जे घडलं तेच सांग.

तुझी ताई

४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुटलो. मुलीची आई साक्षीला उभी राहिली तेव्हा मी डोळेच मिटले. पोरीने हात सोडवून धाव घेतली, बस हळू चालली होती, असं तिने स्पष्ट सांगितलं. तिचा दीर मागून खुणा करत होता, कारण भरपाईवर पाणी पडणार होतं. ती बधली नाही.

बाहेर मी हात जोडले तर माझ्यावरच उखडली. तुमच्यासाठी काही केलं नाही, म्हणाली. ज्याच्याकडे रोज पोरीचा पाय मागते, त्याच्यादेखत खोटं कसं बोलू, असं विचारून ती दवाखान्याकडे चालू लागली.

ताई, इतके दिवस मी देवाकडे नुसती माझी सुटका मागत होतो. त्या पोरीचा पाय मागायचं मला एकदाही सुचलं नाही.

आज मागितला. माझ्यावरची माया थोडी तिकडे वळव, आणि तूही माग.

तुझा बारक्या