सात फुल्या

सोमवार, ३ तारीख

पोचले. खोली तिसऱ्या मजल्यावर, खिडकीतून बंदराचा धक्का दिसतो. दप्तरखान्यात मला स्वतःचं टेबल आहे, कुलपाचा खण आहे. तो मी उगाचच तीनदा उघडून पाहिला. काम असं: शंभर वर्षांपूर्वी मिठाची पोती भरून निघालेलं आणि परत न आलेलं एक स्कूनर, म्हणजे दोन डोलकाठ्यांचं लाकडी मालवाहू जहाज, त्याचे सगळे कागद शोधून उतरवायचे. साहेबांना काम पसंत पडलं तर नोकरी पक्की, मग आईला कायमची इकडे आणणार. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. निघताना आई म्हणाली, आता जहाजं तुला विचारून बुडणार. पुढच्या सोमवारी टेबल बघायला येते म्हणाली.

बुधवार, ५

खलाशांची यादी सापडली. सात जण. एकालाही लिहिता येत नव्हतं, प्रत्येक नावापुढे फुली. आठवी ओळ लेखनिकाची, ती कोरी. दप्तरखान्यातले शिपाईकाका म्हणाले, रोजची नोंद लिहायला लेखनिक नसला तर जहाज सोडत नसत. हे तसंच सुटलं, म्हणून तर त्याचं काय झालं कुणालाच ठाऊक नाही.

यादी हुबेहूब उतरवली. नक्कल करणाऱ्याने खाली सही करायची, हा इथला नियम. खाली जागा उरली नव्हती. एका सहीसाठी नवा ताव घ्यायला जीव होईना. साखरेच्या पुडीचा कागदही आई हाताने सपाट करून मला लिहायला द्यायची. कोऱ्या आठव्या ओळीवरच सही केली. चूकच ती. ताव बदलायला हवा.

शुक्रवार, ७

ताव बदलायला म्हणून मूळ यादी काढली. आठव्या ओळीवर माझी सही आहे. मूळ यादीत. शाई विटलेली, तपकिरी. साहेब म्हणाले, बाई, ती पहिल्यापासून तिथेच आहे, कधी कधी अक्षराला अक्षर मिळतं. नवीन माणसाने डोक्याला इतका ताप करून घेऊ नये.

कुलपाच्या खणात एक वही निघाली. मी ठेवलेली नाही. जहाजाची रोजची नोंद, माझ्या अक्षरात. तळाशी पाणी किती, एवढंच. नोंद आहे त्या दिवशी पाणी तेवढंच राहतं. एक दिवस चुकला की वाढतं.

शनिवार, ८

खोलीत घोट्याएवढं पाणी. तिसरा मजला. खारट. घरमालकीण दारात उभी राहून म्हणाली, फरशी कोरडी ठणठणीत आहे. वहीत नोंद लिहिली. थांबलं.

आईला पत्र टाकलं, येऊ नकोस. टाकल्यावर आठवलं — तिला पत्रं वाचून दाखवायला मीच होते.

सोमवार, १०

शिपाईकाका म्हणाले, आई सकाळीच येऊन गेली. पाहुण्यांच्या वहीत सही मागितली तर लाजून हसली, फुली केली. मग धक्क्यावरच्या माणसांबरोबर गेली. सात जण होते. मुलगी बोलावते आहे म्हणाले.

पाहुण्यांच्या वहीत फुली नाही. यादीत आहे. माझ्या सहीखाली.

तारीख माहीत नाही

जहाजाच्या तळात पाणी कमरेला. सातही खलाशी माझ्या हाताकडे बघताहेत. आई पोत्यांवर बसली आहे — मीठ विरघळतंय, पोती खाली खाली — तिला पोहता येत नाही. लिहिते तोवर पाणी वाढत नाही. हात थांबला की —

आई विचारते, एवढं कुणाला लिहितेस. म्हटलं, तुलाच.

शेवटचं पान. अक्षर बारीक केलंय. समासातही लिहितेय. आई बघतेय, म्हणाली, शाबास, कागद जरासुद्धा वाया —