समोरच्या टेबलावर बाराजणी

त्रोगिर,
१८ मे

प्रिय येर्को,

रोटरडॅमला जहाज लागेल तेव्हा हे पत्र तुझ्या हाती पडेल. खुशाल असशील. मी बरी आहे. मार्चची तपासणी स्वच्छ आली. केस परत आलेत, पण उंदराच्या पिलासारखे, करडे नि मऊ.

शनिवारी आमच्या मंडळाचं शिबिर झालं. कॅन्सरमधून उठलेल्या आम्ही बाराजणी शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्यांवर पडून श्वास मोजत होतो. शिकवणारी बाई म्हणाली, "राग सोडून द्या, अंग हलकं होईल." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. दुपारच्या जेवणाची व्यवस्था माझ्याकडं होती, आणि टेबल कुठं सांगितलंय ते मला एकटीलाच माहीत होतं.

आपल्याच खानावळीत. बाबांच्या. तुझ्या बायकोला संशय नको म्हणून पेरिनाच्या नावानं सांगितलं. पेरिना म्हणजे आमच्यातली अठ्ठ्याहत्तर वर्षांची, दोन्ही स्तन काढलेली, कानानं जड, तोंडानं फटकळ.

दोन वर्षांपूर्वी, तिसऱ्या केमोनंतर मी कामावर परत गेले, तेव्हा तुझ्या दिंकानं मला स्वयंपाकघराच्या दारातच अडवलं होतं. "ताई, तुम्हाला असं बघून गिऱ्हाइकं बिचकतात. घरीच बसा." वीस वर्षं मी तिथं मासे भाजले, येर्को. त्या दिवसापासून मी ती गल्लीच टाळली.

तर आम्ही बसलो अगदी समोर, धक्क्याच्या कडेला. ऊन सौम्य, समुद्र गप्प. भाजलेल्या सार्डिन आल्या, माकुलाच्या शाईतला काळा भात आला. सगळ्यांचे दात काळे झाले आणि एकमेकींकडं बघून आम्ही खिदळत सुटलो. अर्धा तास मी कशाला आले तेच विसरले.

मग दिंका वाइनचा जग घेऊन आली आणि मला बघून थबकली.

"बायांनो, फार उकडतंय," मी म्हणाले.

बाराजणींनी रुमाल, टोप्या, केसांचे टोप काढले. पेरिनानं तर आपला टोप बाटलीच्या गळ्यात अडकवला.

"सांग दिंका, कोण बिचकलं? बोलाव त्याला!" मी ओरडले.

ती पांढरीफटक पडली. मी थांबले नाही. जे बोलले ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. तिनं एप्रनमध्ये तोंड लपवून रडायला सुरुवात केली, आणि खरं सांगते, मला गोड वाटलं. तुझ्या बायकोला रडवलं म्हणून तुझी माफी मागायला हे पत्र लिहितेय, असं तुला इथवर वाटलं असेल.

तिनं डोळे पुसले, खिशातून मोबाइल काढला, काहीतरी शोधलं आणि माझ्यासमोर धरलं. माझा चष्मा घरी. पेरिनानं मोबाइल हिसकावला आणि दवंडी पिटावी तशी वाचू लागली:

"'ताईला बाहेरच ठेव. टकली बाई वाढायला आली तर जेवेल कोण? पण तू सांगतेयस असं सांग. मला वाईटपणा नको. येर्को.' कोण गं हा येर्को?"

"माझा भाऊ," मी म्हणाले. "हिचा नवरा."

"मग आणा की एकदा शिबिराला. त्याचेही श्वास मोजू!"

सगळ्या टेबलांनी ऐकलं. पाद्रीबाबांनी, औषधवाल्यानं, तुझ्या धर्मपित्यानं. कुणी हसलं नाही.

त्या दिवसांत तू दर रविवारी फोन करायचास. "ताई, दिंका आहेच तशी. मी इतक्या लांब, काय करू?" म्हणायचास. ओकाऱ्यांची बादली मांडीवर घेऊन मी तुझी समजूत काढायचे. तुझी!

दिंका माझ्या शेजारी बसली. माझ्याच ताटातली सार्डिन तोडत म्हणाली, "आईंना वृद्धाश्रमात ठेवायचं, तेही मीच बोलले होते, ताई. त्याच्या वतीनं."

सोमवारपासून मी स्वयंपाकघरात आहे. तुझे कपडे, बूट, दाढीचं सामान पेटीत भरून आत्याकडं पोचवलंय. ऑगस्टमध्ये उतरलास की तिकडंच जा. इथं येऊ नकोस.

हे दिंका स्वतः लिहिणार होती. मीच नको म्हटलं. आजवर तिच्या तोंडून तू पुष्कळ बोलवून घेतलंस. हे माझ्या तोंडून ऐक.

उत्तराची वाट न बघणारी,
नेवेंका