एक वाडगं, दोन जावा

शनिवार, ४ फेब्रुवारी

गुडघे गेले! आयुष्यभर पोरांना उठाबशा काढायला लावल्या, त्या सगळ्यांचे तळतळाट आज एका सकाळी भोवले. जपानी बसणं म्हणजे पाय दुमडून टाचांवर बसायचं, पाठ ताठ, आणि चेहरा असा की कुठे काही दुखतच नाहीये. माझा चेहरा तसा नव्हता. शेजारचे निवृत्त न्यायाधीश म्हणाले, "बाई, डॉक्टर बोलवू का?"

सगळं लेकीमुळे. ती विद्यापीठाच्या कार्यालयात आहे. त्यांनी नागरिकांसाठी आशियातल्या परंपरांचा वर्ग काढलाय. दर शनिवारी जपानचा चहा, चीनची अक्षरं, जावा बेटातल्या सावल्यांच्या बाहुल्या, असं काय काय. "आई, डोकी कमी पडतायत, वर्ग रद्द होईल. तू नुसती येऊन बस." नुसती बस! इथे बसणं हाच अभ्यासक्रम निघाला.

पण खरी गोष्ट ती नाहीच. चटईवर जागा शोधत होते आणि समोर कोण बसलेली? धाकटी जाऊ! तिने माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं. भिंत तिला जास्त आवडली असावी.

लेकीला व्हरांड्यात गाठलं. "मला काय माहीत काकू पण येणार?" असं म्हणताना तिने डोळे इतके मोठे केले की खोटं बोलतेय हे शाळेतल्या शिपायालाही कळलं असतं.

जागा एकच उरली होती. जाऊच्या शेजारची.

रविवार, ५ फेब्रुवारी

लिहून टाकते एकदाचं, म्हणजे डोक्यातून जाईल.

मी शाळेत खेळाची शिक्षिका. जाऊचा मुलगा तेव्हा माझ्याच शाळेत. रिलेच्या संघात शेवटी पळणारा तो. सामन्याच्या आदल्या दिवशी मी त्याचं नाव काढलं. दुसऱ्या दिवशी जाऊ नवी साडी नेसून मैदानावर आली, पोरगा बाकावर बसलेला पाहिला, आणि सगळ्या पालकांसमोर मला म्हणाली, "स्वतःला मुलगा नाही ना, म्हणून दुसऱ्याचा पुढे गेलेला बघवत नाही!"

मी शिट्टी तोंडात धरली आणि शर्यत सुरू केली. उत्तर होतं माझ्याकडे. पण ते मी द्यायचं नव्हतं.

त्यानंतर बोलणं बंद. पोरगा मोठा झाला, नोकरीला लागला, बाप झाला, तरी बंद! हे आणि भावजी मात्र दर रविवारी पत्ते कुटतात. घरी आले की एकमेकांच्या बायकांची खुशाली हवामानाच्या बातम्यांसारखी सांगतात. "तिकडे सर्दी आहे. संध्याकाळपर्यंत वाढण्याची शक्यता."

शनिवार, ११ फेब्रुवारी

आज घट्ट चहा. हिरवा, रंगाच्या डब्यासारखा. शिकवणाऱ्या बाई जपानहून आल्यात. मी त्यांना मनातल्या मनात चहाबाई म्हणते. चिमणीएवढ्या आहेत, पण खोलीत आल्या की सगळे ताठ. मी तीस वर्षं शिट्टी फुंकूनही हे जमवू शकले नाही. त्या बोलतात आणि एक दुभाषी मुलगी आपल्याला सांगते.

आधी गोड खायचं, मग चहा. वाडगं हातात घेऊन फिरवायचं, त्याची देखणी बाजू आपल्यापासून पलीकडे वळवायची, मग प्यायचं. आणि आता ऐका — हा घट्ट चहा सगळ्यांनी एकाच वाडग्यातून प्यायचा! प्यायचा, कड पुसायची, पुढच्याला वाकून द्यायचा.

माझ्या पुढे कोण? जाऊ.

मी कड पुसली. नीट पुसली. इतकी पुसली की दुभाषी मुलगी हळूच म्हणाली, "रंग जाईल." वाडगं दिलं. जाऊने वाकून घेतलं, फिरवलं, प्यायली. तोंड किंचितही वाकडं केलं नाही. मीही नाही. एक शब्द नाही, एक नजर नाही.

चहाबाईंचे डोळे भरून आले! दुभाषी मुलगी म्हणाली, "त्या म्हणतायत, अशी शांतता यायला आमच्याकडे वर्षानुवर्षं लागतात. या दोघींना कुणी शिकवलं?"

वर्गाने टाळ्या वाजवल्या. जाऊने खाली मान घातली. तिचे खांदे हलत होते. हसत होती मेली! मग मलाही आवरेना. खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले.

सोमवार, १३ फेब्रुवारी

सुपाच्या वाडग्यावर सराव केला. हे म्हणाले, "फिरवून काय बघतेस? तडा गेलाय का?"

शनिवार, १८ फेब्रुवारी

चिनी अक्षरं. कुंचला सरळ धरायचा, श्वास रोखायचा, एका दमात ओढायचं. 'नदी' काढायची होती. माझ्या नदीला पूर आला, शेजारच्या न्यायाधीशांच्या शर्टापर्यंत गेला. जाऊची नदी अशी की भिंतीवर लावावी. आणि खरंच लावली! जळफळाट झाला. साठीला टेकले, तरी.

पण एक झालं. बसून बसून मी कण्हले असेन. जाऊने कागदावरची नजर न उचलता आपली शाल घडी करून माझ्या पायांखाली सरकवली. मी ती घेतली. आभार मानले नाहीत. मानायचे तर बोलावं लागलं असतं.

मंगळवार, २१ फेब्रुवारी

हे पत्त्यांवरून (आता मंगळवारीही!) बातमी घेऊन आले. "तिचेही गुडघे धरलेत म्हणे." मला बरं वाटलं. माणूस किती हलकट असतं!

शाल धुऊन इस्त्री करून ठेवलीय.

शनिवार, २५ फेब्रुवारी

अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

आज बाहुल्या. जावा बेटावरचे एक सर आले होते. पांढरा पडदा, मागे दिवा, आणि चामड्याच्या सपाट बाहुल्या काड्यांवर नाचवायच्या. पलीकडे बसलेल्यांना फक्त सावल्या दिसतात. सर एकटेच राजा, राक्षस, राणी, सगळ्यांचे आवाज काढत होते. मग म्हणाले, आता तुम्ही. दोन विदूषक असतात, राजाचे नोकर, ते मधेच येऊन मनाला येईल ते बडबडतात. त्यांचं भांडण करा. लोक पोट धरून हसले पाहिजेत.

चहाबाईंनी लगेच बोट केलं. आमच्याकडे. "ती शांत जोडी!"

पडद्यामागे आम्ही दोघी, मांडीला मांडी लावून. दिव्याची धग. माझ्या हातात ढेरपोट्या विदूषक, तिच्या हातात लांब नाकाचा.

मी सुरुवात केली. "चल रे, राजाचा गाडा ओढ!"

"तूच ओढ!" लांब नाक म्हणालं. "तू लोखंडाचा आहेस! तुला काही लागत नाही!"

इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली. आणि एकदम 'तू'! एरवी मी थोरली म्हणून 'तुम्ही' म्हणायची. बाहेर लोक हसले.

"मला लागत नाही? मी काय दगड आहे?"

"दगडच! तुला कुणी चारचौघांत वाट्टेल ते बोललं, तरी तू तोंड उघडत नाहीस. त्या बोलणाऱ्याने मग काय करायचं? जन्मभर बसायचं का तेच आठवत? एकदा तरी उत्तर दे की!"

लोक खो खो हसत होते. माझ्या ढेरपोट्याची काडी हातात घट्ट झाली, आणि मी पडदा, दिवा, लोक, सगळं विसरले.

"उत्तर होतं माझ्याकडे! तुझ्याच पोराने दिलेलं! आदल्या दिवशी मैदानामागे येऊन रडत होता. काकू, मला काढ, मला पळायची भीती वाटते, रात्रभर झोप येत नाही. पण आईला सांगू नको, ती साडी घेऊन आलीय! म्हणून काढला! म्हणून गप्प बसले!"

बाहेर कुणीतरी शिट्टी मारली. टाळ्या. त्यांना वाटलं, काय विनोदी विदूषक आहेत!

लांब नाकाची सावली पडद्यावर तशीच राहिली. जाऊचा हात हलत नव्हता. मग तिने बाहुली खाली ठेवली, चपला हातात घेतल्या आणि अनवाणी निघून गेली.

रविवार, २६ फेब्रुवारी

एका लेकराला शब्द दिला होता. इतकी वर्षं पाळला आणि ढेरपोट्या विदूषकाच्या तोंडून मोडला. त्याच्या आईला कळलं की आपला मुलगा आपल्याला घाबरायचा. काय मिळवलं मी?

हे पत्त्यांना गेले नाहीत. "तिकडून निरोप आहे, आज नको." हवामानखातं बंद.

शनिवार, ४ मार्च

जाऊ आली नाही.

फुलांची रचना होती. कमी फुलं, जास्त मोकळी जागा. चहाबाईंनी माझ्या शेजारची रिकामी चटई पाहिली. तशीच राहू दिली, दुसऱ्या कुणाला बसवलं नाही. मी एक फांदी लावली. ती पडली. पुन्हा लावली.

इस्त्री केलेली शाल पिशवीतच घरी आली.

शनिवार, ११ मार्च

शेवटचा दिवस. घरच्यांना बोलावलेलं. हे आणि भावजी पुढच्या रांगेत चिकटून, दोन चोर बसल्यासारखे. लेक दारात उभी राहून सारखी बाहेर बघत होती.

मी यजमान. चहा घुसळायचा, पाहुण्यापुढे ठेवायचा. पाहुणा कोण ते शेवटपर्यंत ठरेना. न्यायाधीश उठायला लागले, तेवढ्यात जाऊ आली. डोळे सुजलेले, साडी कडक. सरळ येऊन पाहुण्याच्या जागी बसली.

मी चहा घुसळला. हात बरा चालला. आता उठून वाडगं नेऊन ठेवायचं, एवढंच. उठले — आणि उजवा पाय आहे की नाही तेच कळेना! पार बधिर. एक पाऊल टाकलं, दुसरं हवेत गेलं. जाऊ मला धरायला उठली, तर तिचाही पाय मेलेला! दोघी एकमेकींना मिठी मारून चटईवर आडव्या. हिरवा चहा तिच्या कडक साडीभर.



"ताई," माझ्याखालून आवाज आला. "पाय झोपलाय, की मुद्दाम पडलात?"

"तू का उठलीस? पाहुण्याने उठायचं नसतं!"

"तुम्ही पडत होतात!"

"म्हणून तूही पडायचं?"

मग जे हसू आलं! उठायला जावं तर पाय नाही, पाय यावा तर हसू थांबत नाही. भावजी आणि हे उचलायला आले, त्यांनाही जमेना. चहाबाईंनी बाहीने तोंड झाकलं होतं, पण बाही हलत होती. दुभाषी मुलीने विचारलं, हे कसं समजावू? त्या काहीतरी पुटपुटल्या. "म्हणतायत, काही समजावू नका, यांना बोलू द्या."

घरी जाताना जाऊला तीच शाल दिली, साडीवरचा डाग झाकायला. पण पडद्यामागच्या त्या गोष्टीबद्दल ती काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

रविवार, १२ मार्च

सकाळी जाऊचा फोन.

"ताई, रागावू नका. मला माहीत होतं. त्याच वर्षी सांगितलं होतं पोराने. त्या दिवशी तुमच्या तोंडून ऐकलं आणि लाजेने पळाले."

"मग इतकी वर्षं गप्प का बसलीस?"

"बोलले असते तर माफी मागावी लागली असती ना!"

मी फोन आपटला. मग मीच परत लावला. इतक्यात संपतंय होय! ती निघालीय म्हणे. भांडायला.