पाणी समपातळीत येईपर्यंत

३ मार्च १९३४

आलो एकदाचा! दोन बोचकी, वाईनची एक बाटली आणि ही वही, एवढंच सामान. योन नदीवरचं नऊ नंबरचं लॉक, म्हणजे नावा खालच्या पाण्यातून वरच्यात चढवणारा दारांचा हौद, शेजारी दोन खोल्यांचं घर, मागे कोबीचे वाफे, आणि या सगळ्याचा धनी मी, आन्सेल्म. वीटभट्टी बंद पडल्यापासून चौदा महिने कामासाठी दारोदार फिरलो. शेवटी धावून आला तो सख्खा भाऊच. फिर्मँदादा नऊ वर्षं याच लॉकवर होता. त्याची वरच्या आठ नंबरवर बदली झाली आणि इथं त्यानं साहेबांपुढे माझं नाव लावून धरलं.

सकाळभर त्यानं काम शिकवलं. नाव हौदात घ्यायची, मागची दारं लावायची, झडपांचं चाक फिरवून पाणी सोडायचं आणि गप्प उभं राहायचं. मी लगेच दाराला खांदा लावला तर हसायला लागला. म्हणाला, अरे विटभाज्या, घाई करू नकोस, पाणी समपातळीत आलं की दार आपोआप उघडतं.

ब्लांदीनवहिनीचं मी काही विचारलं नाही. तीन वर्षांपूर्वी ती कुणा नाववाल्याबरोबर निघून गेली म्हणतात.

९ मार्च

काम अंगवळणी पडतंय. दादा वरून फोन करतो, "एक सोडलीय, रिकामी आहे", की बरोबर पाऊण तासानं नाव हजर. त्याचा शब्द कधी चुकत नाही.

नाववाले इथं काठावर उतरत नाहीत, बसल्या जागेवरून हौदात पावाचा तुकडा टाकतात. कोळशाच्या नावेवरच्या मादाम तेसिएनं मला कॉफी देऊ केली आणि फिर्मँचा कोण म्हणून विचारलं. भाऊ म्हटलं. सख्खा की सावत्र? सख्खा म्हटल्यावर तिनं छातीवर क्रूस काढला आणि कप तसाच मागे घेतला. म्हातारी जरा सटकलेली दिसते.

१७ मार्च

हौद भरला, झडपा पूर्ण उघड्या, तरी आतलं पाणी बाहेरच्यापेक्षा एक बोट खालीच राहिलं. तासभर! एका बोटाचा फरक, पण दार ढिम्म हलेना आणि नाववाले मला शिव्यांची लाखोली वाहू लागले. दादाला फोन केला. पाव टाक म्हणाला, जुनी रीत आहे. टाकला. पाणी चढलं, दार उघडलं. भट्टीवर पहिल्या विटेवर आम्हीही वाईन शिंपडायचोच की.

११ एप्रिल

आता दोन बोटं. पावानं भागत नाही. एक कोंबडी गेली, हे लिहितानाही कसंतरी होतं.

आज साखळी ओढताना तळहात फाटला. चार थेंब आत पडले असतील नसतील, तोच पाणी उसळलं आणि दार धाडकन उघडलं. दादाला गंमत म्हणून फोनवर सांगितली. त्यानं लगेच विचारलं, किती थेंब?

२ मे

चार बोटं. मादाम तेसिएनं जाता जाता सांगितलं, पोरा, बंदीत हौद आटवतात, त्याआधी निघून जा. मी म्हटलं, दादाला तोंडघशी पाडून? ती म्हणाली, त्याच्यासाठीच तर राहतोयस ना.

झोप नीट नाही.

२१ मे, सकाळ

वार्षिक बंदी सुरू झाली. नावा थांबल्या, लॉकखालचा नदीचा पट्टा आटवला, हौद कोरडा पडला. शेवाळ खरवडायला शिडीनं उतरलो. तळाशी दगडात नाव कोरलंय. ब्लांदीन, १९३१. प्रत्येक अक्षराला खाली छोटी शेपटी. लहानपणी माझ्या लाकडी बुटांवर दादा अशीच अक्षरं कोरायचा.

वहिनी कुणाबरोबर गेली नव्हती.

त्याच्या खाली माझं नाव. अक्षरांत शेवाळ दाटलंय — म्हणजे गेल्या वर्षीच्या बंदीत कोरलेलं. आणि दादाचं पत्र आलं ते या जानेवारीत. 'ये, तुझ्याशिवाय करमत नाही.' ते पत्र मी भट्टीवरच्या सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. रागापेक्षा लाज वाटतेय.

दुपार

फोनवर वाट्टेल ते बोललो. दादा रडला. सगळं कबूल केलं. पाणी लॉकवाल्याच्या घरचं माणूस मागतं. वहिनी रक्ताची नव्हती, तीनच वर्षं पुरली. आता एक तर दादा, नाहीतर मी. पण तुला डोळ्यांनी बघितल्यावर माझा हात धजेना, म्हणाला. नाव खरवडून काढलं की मागणं सुटेल. छिन्नी घेऊन येतो, दोघं मिळून काढू.

हौदात उतरू नये असं वाटतं. पण दादा आहे माझा. लहानपणी नदीत बुडत होतो तेव्हा केसाला धरून यानंच बाहेर काढलं होतं.

तीन वाजता, हौदात

दोन अक्षरं गेली. दादा मोठा हातोडा आणायला वर गेलाय. वारा फार म्हणून खालची दारं त्यानं लावून घेतली. दगडावर बसून लिहितोय —

दादानं शिडी वर ओढली. म्हणाला, बुळबुळीत झालीय, पुसून देतो. आत्ता?

हाका मारल्या. ओ देत नाही.

झडपांचं चाक. हा आवाज मी ओळखतो.

पाणी. पावलांवर. ठीक आहे, पोहता येतं मला. चढेल तसा वर येईन, मग बघतो त्याला —

पाय उचलत नाही. घोट्याला धरलंय कुणीतरी. बाईचा हात. बोटातली अंगठी रुततेय —

कमरेला. वही वर धरलीय. दादा वाकून बघतोय. रडतोय. रडत रडत चाक फिरवतोय. पहिल्या दिवशीच्याच आवाजात सांगतोय — आन्सेल्म, घाई करू नकोस, पाणी समपातळीत आलं की आपो