हर्निया नव्हता, आप्पा
आप्पा, आज तुमच्या नातवाची पट्टी सोडली. चार वर्षांचा आहे. तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. तुम्हाला रुचणार नाही ते आधीच लिहिते. ऑपरेशन त्याच्या लिंगाचं होतं.

मी शाळेत जायच्या आधी दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये तुम्ही दारामागे खडूने मालगाडीच्या वाघिणींचे नंबर लिहून मला आकडे शिकवलेत. "झेंडी दावायच्या आधी दोनदा बघायचं," म्हणायचात. मी अजून गॅससुद्धा दोनदा बघते. मग धाकट्या भावाचं तुम्ही एकदाच का बघितलंत? मी नऊ वर्षांची, तो सहाचा. नळावर आंघोळ घालताना शेजारणी हसतात, "नुसता करदोडाच दिसतोय की गं!" त्याच आठवड्यात तुम्ही त्याला कुठल्याशा डॉक्टरकडे नेता, पुढची कातडी कापून आणता आणि कॉलनीत हर्निया सांगता. जखम भरली तसं होतं तेही आवळून आत गेलं. मी जेवताना विचारलं, तर तुम्ही ताट सरकवलंत. "पोरीच्या जातीनं असलं बोलायचं न्हाई." मी परत बोलले नाही. तो मात्र दहावीपर्यंत शाळेच्या मुतारीत कुणी नसतानाच जायचा.

शिरूरला, सासरी, माझ्या मुलाचं तेच दिसलं. सासूबाई म्हणाल्या, "चरबी हाय, वाढला की यील भाईर." जवळच्या एका डॉक्टरांनी कातडी कापायची तारीखही दिली होती. ती मी मोडली आणि प्रश्न कागदावर लिहून पुण्याला लहान मुलांच्या सर्जनबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, काही मुलांत नुसती चरबीच असते, वाढत्या वयात फरक पडतो. याचं तसं नाही. लिंग मापानं नीट आहे, पण कातडी मुळाशी धरलेली नाही आणि आतले चिवट पट्टे त्याला मागे ओढतात. ते सोडवायचे, कातडी मुळाशी टाक्यांनी पक्की करायची. पुढची कातडी फेकायची नाही, तीच वरून पांघरायला लागते.

"आधीच कापली असती तर?"

"मग पांघरायला कुठून आणणार?"

मी तेच तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्या हसल्या. "तुम्ही इन्स्पेक्टर आहात का हो?"

"पॉइंट्समनची मुलगी आहे," म्हटलं, आणि संमतीचा कागद दोनदा वाचून सही केली. घरी सासूबाईंनी विचारलं, "केंदूरच्या भावकीला काय सांगायचं?" म्हटलं, जे झालं ते. पोरानं चोरी केलेली नाही. आप्पा, तुमचा एक नियम मी पाळला तो दुसरा मोडण्यासाठी. आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोडेन.

काल धाकट्याचा फोन आला. "कसलं ऑपरेशन गं ताई?"

"हर्निया," मी म्हणाले.

त्यानं विचारलं, "आप्पांचावाला का?"

मग मी सगळं सांगितलं, पट्टे, टाके, कातडी, काही न गाळता. फोन ठेवताना तो एवढंच म्हणाला, "त्या बाई मोठ्या माणसांना बघतात का?"

उद्या विचारणार आहे. हे पत्र घडी करून मुलाच्या ऑपरेशनच्या फाइलमध्ये ठेवते, दुसरीकडे कुठे टाकणार? तुम्हाला एवढं सुनावलं, आप्पा, पण तुमचा तो शब्द काल आधी माझ्याच तोंडून निघाला. आणि तो खोटा आहे हे मला नऊ वर्षांची असल्यापासून माहीत होतं.