झोक्यावरचे हात

ह्यूगो, ओक्लाहोमा
८ जून २०२१

ती. ओतिलियाताईस,
फर्मिनचा शि. सा. न. वि. वि.

ताई, सरकारी मदत मंजूर झाली! सेवेरोने जेवणाच्या ट्रेलरमध्ये सगळ्यांना बोलावून तो कागद वाचून दाखवला, आणि मग विश्वास बसेना म्हणून पुन्हा एकदा वाचला. त्याची बायको तव्यावर टॉर्टिया तशाच टाकून रडत बसली, त्या करपल्या. साथीमुळे गेल्या वर्षीच्या मार्चपासून गुंडाळून ठेवलेली आपली सर्कस पुन्हा उभी राहणार. चुलतभाऊ असला तरी सेवेरो मालक आहे हे मी एरवी विसरत नाही, पण त्या दिवशी त्याला उचलूनच घेतलं.

मदतीचा पैसा ठरावीक मुदतीतच खर्चायचा, म्हणून ऑगस्टमध्येच पहिला खेळ लावलाय. पॅरिसला! दचकू नकोस, नदीपलीकडचं, टेक्सासमधलं. आता मी कोंबड्यांच्या कारखान्यात जायचं नाही आणि नोएमीने दुकानात फळ्यांवर माल रचायचा नाही. पोरगी माझ्याबरोबर झोक्याच्या सरावाला लागली. माझ्या मनगटांना पट्ट्यासुद्धा हल्ली तीच बांधते, मला गाठ मारायचा कंटाळा. जानेवारीतलं आजारपण केव्हाच मागे पडलं. ठणठणीत आहे.

फोनवर मी थापा मारतो म्हणतेस, म्हणून हा कागद. तुझी माया आहेच, ती अशीच रागावत राहो.
तुझा धाकटा,
फर्मिन

सॅन अँटोनियो
२० जून

चि. फर्मिन यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून देवळात मेणबत्ती लावून आले. सेवेरोच्या बायकोला सांग, करपलेल्या टॉर्टियासुद्धा त्या दिवशी गोड लागल्या असतील.

पण फर्मिन, गाठ मारायचा कंटाळा तुला कधीपासून आला? पट्ट्यांना तू आपल्या बाबांनासुद्धा हात लावू द्यायचा नाहीस. त्या तापाने आमच्या गल्लीतल्या एका बाईच्या पायांतली जाणीव गेली आहे, अजून आली नाही. तुझं काय आहे ते सरळ लिही.

तंबूच्या पावत्या सरकार बघेल. झेलणाऱ्याचे हात कोण बघणार? मी स्वतः झोक्यावरून उडलेली बाई आहे. पकड साफ चुकली तर माणूस जाळीत पडतं, कपडे झटकून उठतं. अर्धवट पकडलं की ते फिरतं आणि जाळीबाहेर जातं. माझी कंबर कशी गेली ते तुला सांगायला नको. उडणारी तुझी मुलगी आहे. डॉक्टरकडे जा.

माया कमी होणार नाही, पण उत्तर लवकर हवं.
तुझी ताई

ह्यूगो
११ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसू आलं. म्हातारी झालीस, सगळीकडे तुला आजारच दिसतो. डॉक्टरकडे जायला सध्या वेळ कुठला? नवा तंबू आला, निळा, अजून रबराचा वास येतो. दोरवाले, घोडेवाले, बँडवाले, सगळा गोतावळा परत आलाय. कुणी ट्रक चालवत होता, कुणी छपरं शाकारत होता. पोरं दिवसभर मैदानात धुडगूस घालतात. या सगळ्यांचे पगार त्या मदतीतून चाललेत, आणि जाहिरातीवर मधोमध नोएमीचा फोटो आहे. झोका नसेल तर तिकिटं कोण काढणार? सेवेरो परवा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “हा पैसा एकदाच आलाय, फर्मिन.” एवढंच म्हणाला.

सरावात पोरगी थोडी गडबडते. हातात येते आणि सुटते. वेळ चुकते तिची, होईल ठीक.

तू पहिल्या खेळाला येऊ नकोस. साथ पुन्हा वाढतेय म्हणतात. लोभ दुरूनच कर.
फर्मिन

सॅन अँटोनियो
१९ जुलै

चि. फर्मिन यास, आशीर्वाद.

नोएमी आठ वर्षांची असताना मी तिला झोक्यावर चढवलं. त्या मुलीची वेळ चुकत नाही. हे तुला माझ्याइतकंच माहीत आहे, आणि तरी तू दोष तिच्या माथी मारलास, म्हणून मला जास्त भीती वाटते.

तिला सांग. सेवेरोला सांग. माझा मुलगा मला बसमध्ये बसू देत नाही, नाहीतर मीच येऊन सांगितलं असतं. या पत्राला उत्तर आलं नाही तर मी काय समजायचं ते समजेन.
ताई

पॅरिस, टेक्सास
१६ ऑगस्ट

ती. ओतिलियाआत्यास,
नोएमीचा नमस्कार.

बाबा लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते. मी धडधाकट आहे, हे आधी वाच.

परवा दुपारचा पहिला खेळ. तंबू भरला नव्हता, पण लोक होते, निम्म्यांच्या तोंडाला मास्क. मी सुटले, दोन कोलांट्या घेतल्या, हात पुढे केले. समोर बाबा उलटे लटकलेले, आणि त्यांनी हाताची घडी घातलेली. मी सरळ जाळीत. लोकांना वाटलं विदूषकी चाललीय, हसले. मी रागाने परत वर गेले. पुन्हा तेच. तेव्हा मात्र लोक ओरडायला लागले आणि सेवेरोकाकाने बँड वाजवायला लावला.

पडद्यामागे मी बाबांना सगळ्यांसमोर वाटेल ते बोलले. ते ऐकून घेत होते. मग पंजा पुढे केला आणि म्हणाले, “चिमटा काढ.” मी काढला, नख रुतवून. त्यांनी विचारलं, “काढलास का?”

जानेवारीपासून त्यांच्या बोटांत काहीच जाणीव नाही, आत्या. रोज त्यांना वाटायचं उद्या येईल. “वर तुला येताना पाहिलं आणि हे हात माझे नाहीत हे कळलं,” म्हणाले. “घडी घातली नसती तर मी तुला अर्धवट पकडलं असतं.”

सेवेरोकाका वाईट माणूस नाही. तो बाबांजवळ बसून रडला. मग बाहेर जाऊन त्याने फ्लोरिडाला फोन लावला. गुरुवारी नवा झेलणारा येतोय. मी त्याला कधी पाहिलेलं नाही. शनिवारी खेळ आहे, तिकिटं गेली आहेत, घोडेवाल्याच्या बायकोला दिवस गेलेत. मी हो म्हटलंय.

बाबा म्हणतात, “मी जाळीशेजारी उभा राहीन, तू बाहेर गेलीस तर झेलीन.” सकाळपासून तिथे उभं राहून जागा बघतायत. त्या हातांनी ते मला झेलू शकणार नाहीत, हे त्यांना सांगायचं धाडस मला होत नाही. ते तू त्यांना पत्रात लिही, पण पत्र शनिवारनंतर पोचेल अशा बेताने टाक.

आशीर्वाद आताच दे.
तुझी,
नोएमी