ठमी दुपारी काय करते

सोमवार, ३
ही भावाकडे जाऊन तीन आठवडे झाले. थोडे दिवस, म्हणाली होती. तिथे भाचीला अ‍ॅलर्जी, म्हणून मांजर माझ्याकडे. ठमी हल्ली चाटून चाटून पोटावरचे केस काढतेय. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दिवसभर एकटी असते, करमत नसेल. साहजिक आहे. मी नऊला निघतो, करमणार कसं? कॅमेरा आणून लावला. ऑफिसातून सगळं दिसतं, ऐकूही येतं.

मंगळवार, ४. संध्याकाळी
मी निघाल्यावर ठमी दाराकडे बघत बसली. दोन मिनिटं. मग पंजाने हिचं कपाट उघडून शालीवर झोपली, ती साडेचारपर्यंत. दुःखात झोप फार येते. शाल हिची, पण मांजराला काय कळतंय!
मी घरी आलो तर पलंगाखाली. रुसलीय. माया असल्याशिवाय कोणी रुसत नाही.

बुधवार, ५
मीटिंगमध्ये फोन बघताना साहेबांनी पकडलं. घरगुती अडचण, म्हणालो.
दोन वाजून दहा मिनिटांनी ठमी ताडकन उठली, शेपटी वर करून दाराशी. कुलूप उघडलं. ही! फरशीवर बसली, ठमी मांडीत. पाऊण तास. वाटी घासून ठेवली आणि गेली. मला चकार शब्द नाही.
अर्थ स्पष्ट आहे. घर ओढतंय. कमीपणा कोणी घ्यायचा, एवढाच प्रश्न. मी घेणार नाही. गाडी आपणहून रुळावर येतेय, धक्का कशाला?

गुरुवार, ६
पुन्हा दोन दहा. ठमीला सगळं सांगत होती. नवी नोकरी, वहिनीचे टोमणे. मध्येच खळखळून हसली. ते हसणं शेवटचं कधी ऐकलं, आठवेना. माझा विषय एकदाही नाही. खरंय, मनातलं असं कोणाहीपुढे बोलू नये.
उद्या रजा. सरप्राइज.

शुक्रवार, ७. दुपारी ३.३०
दाढी केली. बेसिन घासलं. दोन दहाला ठमी दाराशी. अडीच. तीन. मग हिचा मेसेज: खाली स्कूटर दिसली, बरं नाहीये का? ठमीला हाताने भरव, दुपारी तशीच खाते.
खालच्या खाली परत गेली. पण तब्येत विचारली!
भरवायला गेलो. बोचकारलं.

शनिवार, ८
शेवटी मीच मोठेपणा घेतला. फोन केला. म्हणालो, ये आता, ठमीशी किती छान हसतेस. तिने विचारलं, तुला कसं माहीत? सांगितलं. म्हणाली, तीन आठवड्यांत मला एक फोन नाही, आणि मांजरासाठी कॅमेरा? मी म्हणालो, ती मुकी आहे गं. म्हणाली, मी मुकी नव्हते.
दमली असेल. उद्या येते म्हणाली. पडदे धुवायला काढले.

रविवार, ९
आली. बास्केट घेऊन. तिला खोली मिळालीय, तिथे मांजर चालतं. ठमी आपणहून आत जाऊन बसली. किल्ली टेबलावर ठेवली तिने. मी म्हणालो, मला एकटं राहायला काही वाटत नाही. दारात थांबली. म्हणाली, सुरुवातीला जड जातं. तू घरी येऊन जेवून फोनमध्ये डोकं घालून बसायचास, तेव्हा मी स्वयंपाकघरात रेडिओ लावायचे. तेवढेच माणसांचे आवाज. राहू दे तुला, म्हणाली.
ती गेल्यावर शोधला. डब्यांच्या मागे आहे.
आमच्याकडे रेडिओ होता, हे मला आज कळलं.